अमोलिक सरांचा हंडा

आमच्या मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एक वाक्य बोलायला बंदी होती. 'काही होत नाही' हे ते वाक्य. जिन्याच्या पहिल्या पायरीशी खडूनं लिहिलेली पाटीच होती : 'चपला इथे काढा. "काही होत नाही" हे वाक्यही इथेच ठेवा. जाताना दोन्ही परत न्या.'

आता मला सांगा, हे वाक्य न बोलता आपल्याकडे मूल वाढवायचं तरी कसं? पोर पडलं, काही होत नाही. कुत्रं भुंकलं, काही होत नाही. सुई टोचणारी नर्ससुद्धा टोचता टोचता हेच म्हणते. त्यामुळे वर गेलेली आई बसल्या बसल्या सवयीनं बोलून जायची आणि अमोलिक सर रहदारीच्या हवालदारासारखा हात वर करायचे. "होतंय, ताई. काहीतरी होतंय म्हणूनच तो ओरडतोय. काय होतंय ते शोधायलाच आपण बसलोय ना?"

सरांना जाऊन वर्ष होऊन गेलं. वरच्या दोन खोल्यांत आता टॅलीचे क्लास चालतात. तिथली पोरं परीक्षेच्या आधी एकमेकांना खुशाल 'काय होत नाय रे' म्हणत जिना उतरतात आणि मी खाली काउंटरवर उगाच दचकते.

सर मानसशास्त्राचे. मुंबईला शिकले, तिकडेच काही वर्षं नोकरी केली, मग आईच्या आजारपणासाठी म्हणून श्रीरामपूरला आले ते आलेच. ऑटिझम असलेल्या मुलांच्या मनातली भीती, एवढंच त्यांचं काम. मराठीत ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात, पण तो शब्द त्यांना आवडत नसे. "मग्न कुठे? या पोरांचं सगळीकडे लक्ष असतं. आपलंच नसतं," म्हणायचे. आपण डॉक्टर नाही हे ते येणाऱ्याला आधीच सांगत, आणि गोळी लागेलसं वाटलं तर नगरच्या डॉक्टरांकडे पाठवत. तरी लोक जाता जाता माझ्या काउंटरवर वाकून हळूच विचारतच, "मॅडम, भीतीची एखादी गोळी न्हाई का वो तुमच्याकडं? लवकर उरकंल."

दिसायला म्हणाल तर सर उंच, जरासे वाकलेले, नाकाखाली भरघोस मिशी आणि अंगात अर्ध्या बाह्यांचा चौकडीचा शर्ट. शर्ट वारानुसार ठरलेले. सोमवारी निळा, मंगळवारी तपकिरी, असं शनिवारपर्यंत. मुलांना त्यावरून वार कळायचा आणि खरं सांगते, मलाही. एकदा पावसात कपडे वाळले नाहीत आणि बुधवारी त्यांना गुरुवारचा शर्ट घालावा लागला. तर हा माणूस सकाळपासून जिन्यापाशी उभा! येणाऱ्या प्रत्येक मुलाला वर जाण्याआधी गंभीरपणे सांगत होता, "आज बुधवारच आहे. माझा शर्ट चुकलाय. तू बरोबर आहेस."

'दोन मिनिटांत आलो' हे त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. दोन मिनिटं लागणार असतील तर दोन, आणि किती लागतील हे माहीत नसेल तर "माहीत नाही" म्हणत. माझ्याकडे सुटे पैसे नसले आणि मी सवयीनं "देते हं नंतर" म्हटलं, तर "नंतर म्हणजे केव्हा?" असं अगदी निर्मळ चेहऱ्यानं विचारत. पहिल्यांदा मला रागच आला होता. मग लक्षात आलं की दिवसभर ज्यांच्याशी बोलायचं त्यांच्यासाठी त्यांनी आपली जीभच बदलून घेतली होती, आणि संध्याकाळी ती पुन्हा बदलायचा त्यांना कंटाळा होता.

'शाबास' म्हणत नसत. मुलानं कितीही मोठा पराक्रम केला तरी सर फक्त म्हणत, "नोंद झाली." मी एकदा छेडलं, "सर, एवढी कंजुषी? पोरगं लिफ्टमध्ये बसून आलं म्हणताय, जरा पाठ थोपटायची." तर म्हणाले, "मी शाबास म्हटलं की ते माझ्यासाठी लिफ्टमध्ये बसेल. मी रोज कुठून येऊ लिफ्टमध्ये?"

आणि सगळ्यांत मोठी खोड म्हणजे मूल जे करेल ते हे करणार. मूल कान झाकून बसलं की हेही कान झाकून. मूल टेबलाखाली गेलं की हे गुडघे कडकड वाजवत टेबलाखाली. औषध कंपनीचा एक नवा पोरगा एकदा चुकून वरच्या मजल्यावर गेला आणि पांढराफटक होऊन खाली आला. "मॅडम, वरचे डॉक्टर टेबलाखाली बसलेत. त्यांना कुणाला तरी दाखवायला पाहिजे." मी म्हटलं, "बाळा, दाखवायला लोक त्यांच्याकडेच येतात."

एवढं सगळं मला लांबूनच माहीत राहिलं असतं. पण माझ्या धाकट्या भावाची मुलगी, प्राजक्ता, वर जायला लागली आणि सर आमच्या घरातले झाले.

भाऊ माझा संपत. नेवाशाच्या बाजूला आमचं गाव, ऊस आणि ट्रॅक्टर. प्राजू त्याची एकुलती एक. लहानपणीच ऑटिझम आहे हे कळलेलं. बोलायची कमी, पण वाचायची सगळं. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात ना, अमक्यातमक्याकडून सप्रेम भेट, ती वाचायचा तिला भारी नाद. कुणाच्याही घरी गेली की मांडणीपाशी उभी. आमच्या सगळ्या भावकीत कुणाच्या लग्नात कुणी काय दिलं हे आजही तिला विचारावं.

भीती एकच, उसाच्या ट्रॅक्टरची. म्हणजे ट्रॅक्टरवरच्या गाण्यांची. आमच्याकडे कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात आणि प्रत्येकावर डीजेच्या तोडीचे स्पीकर. ड्रायव्हरला झोप येऊ नये म्हणून म्हणे. आजूबाजूच्या वस्त्यांनाही येत नाही. प्राजूला तो आवाज सहन होत नव्हता. आधी ती रस्त्यावर जाईना, मग अंगणात येईना, मग दसऱ्यापासूनच मंगलच्या, म्हणजे आईच्या, मागे लागायची : कारखाना कधी चालू होणार? कारखाना कधी चालू होणार? हंगामभर शाळा बंद. गावातली शाळा घरामागेच होती, सातवीपर्यंत, तिथल्या गुरुजींनी सांभाळून घेतलं. पण आठवीचं हायस्कूल कारखान्याच्या रस्त्यावर. तिथल्या मुख्याध्यापकांनी स्पष्टच सांगितलं की अर्धं वर्ष गैरहजर राहणारी मुलगी घेऊन काय करू, त्यापेक्षा घरीच ठेवा. घरी ठेवा म्हणजे कायमचीच घरी, हे संपतला कळत होतं. मलाही कळत होतं. म्हणून तिची सातवी सुरू झाल्या झाल्याच मी तिला सरांकडे घेऊन गेले.

पहिल्या दिवशी सरांनी भिंतीवरचं चित्र दाखवलं. मोठा थर्मामीटर, खाली हिरवा, वर लाल. "तुझी भीती यात कुठपर्यंत येते?" प्राजूनं चित्राकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, "थर्मामीटर काखेत लावतात." पुढे एक शब्द नाही. आकड्यांत विचारलं, रंगांत विचारलं, हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांत विचारलं. ढिम्म! शेवटी सरांनी पाणी मागवलं. पेला हातात आल्याबरोबर तिनं तो फिरवून मोठ्यानं वाचलं, "शांताबाई विठ्ठल अमोलिक यांजकडून, नवीन घरास." सर बराच वेळ त्या पेल्याकडे बघत राहिले.

पुढच्या आठवड्यात सर स्कूटरवरून आले ते मागे हंडा बांधून. त्याच्या आत कळशी, कळशीत तांब्या, तांब्यात पेला आणि पेल्यात वाटी. जिना चढताना असा आवाज झाला की माझी गिऱ्हाइकं बाहेर जाऊन बघून आली. संपत प्राजूला घेऊन आलेला होता. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "आक्के, ह्यो दवाखाना हाय का भांड्याचं दुकान?"

वर सरांनी पाचही भांडी ओळीनं मांडली आणि विचारलं, "ट्रॅक्टरचं नाव काढलं की भीती किती?"

प्राजू उठली आणि तिनं पेल्यावर हात ठेवला. आजवर त्या मुलीला कुणी विचारलं नव्हतं असं नाही, पण उत्तर द्यायला भांडं कुणी दिलं नव्हतं. ट्रॅक्टरचं चित्र? तांब्या. अंगणात उभा ट्रॅक्टर, गाणं बंद? कळशी. रस्त्यावर, गाणं चालू? तिनं हंड्याला हात लावला आणि लगेच मागे घेतला.

"हंडा आला की काय करायचं?" सरांनी विचारलं. त्यांच्या मनात श्वास मोजायचा, मुठी आवळून सोडायच्या, असं काहीबाही असणार. पण प्राजू म्हणाली, "हंडा एकटीला उचलत नाही. आई म्हणते, उचलू लाग."

"नोंद झाली," सर म्हणाले, आणि तो त्या खोलीचा नियमच झाला. वाटी, पेला, तांब्या आपला आपण उचलायचा. कळशीला जमलं तर बघायचं. हंडा आला की लाज न बाळगता हाक मारायची, उचलू लागा. पुढे येणारी सगळी मुलं भांड्यांतच बोलायला लागली. सरांच्या पत्नी रूथबाई मात्र वैतागल्या. दुकानात गोळ्या घ्यायला आल्या की म्हणायच्या, "नळ येतो दिवसाआड, आणि घरातला हंडा बसलाय दवाखान्यात खुर्ची अडवून."

या सगळ्याला इंग्रजीत मोठं नाव आहे, कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी. संपतनं एकदा ते नाव विचारलं आणि मग तोंड वाकडं करून बसला. सर म्हणाले, "सोपं आहे हो. मनात काय येतं ते पकडायचं. ते खरं आहे का, तपासायचं. आणि भीती वाटते तिथं एकेक पायरी करत जाऊन बघायचं. आवाजानं हिचे कान दुखतात, ते खरंय. त्याला कापूस घालू, हेडफोन लावू, त्यात लाजायचं काही नाही. पण ट्रॅक्टर दिसत नसताना, ऐकू येत नसताना दिवसभर जी भीती बसलेली असते ना, ती कमी करता येते."

आणि प्राजूच्या मनात काय येतं ते सापडायला पावसाळा अर्धा सरला. तिला वाटायचं, गाणं एकदा सुरू झालं की ते थांबणारच नाही. बस. एवढंच. एवढंसं वाक्य त्या पोरीला घरात कोंडून बसलं होतं. मग वरच्या खोलीत मोबाईलवर गाणं लागायचं, आवाजाचं बटण प्राजूच्या हातात, आणि दोघं कान झाकून बसायची. किती? तांब्या. थांबूया. आता किती? तांब्या. थांबूया. आता? पेला. "गाणं थांबलं का?" "नाही." "मग भीती कशी कमी झाली?" भांडं एकानं लहान झाल्याशिवाय उठायचं नाही, हा दुसरा नियम. मला खाली तीच ती ट्रॅक्टरची गाणी इतक्यांदा ऐकू आली की एकदा मी कफ सिरपच्या बाटल्या त्यांच्याच ठेक्यावर लावत होते.

भाद्रपदापर्यंत गाडी अशी रुळावर होती. अंगणात उभ्या ट्रॅक्टरच्या सीटवर बसण्यापर्यंत प्राजू पोचली होती. आणि मग दसऱ्याला माझ्या बंधुराजांनी घोळ घातला.

दसऱ्याला ट्रॅक्टर धुतला, हार घातला, लिंबू बांधलं. हंगामासाठी नवे स्पीकर आणले होते. आणि संपतच्या डोक्यात आलं की हे वाटी-पेल्याचं किती दिवस चालायचं? एकदाच काय तो मोठा दणका द्यावा, भीती मोडून जाईल. त्यानं ट्रॅक्टर दाराशी लावला आणि गाणं सोडलं, पूर्ण आवाजात. प्राजू बाजल्याखाली गेली ती दुसऱ्या दिवशीही नीट बाहेर येईना. खाणं सुटलं, बोलणं बंद झालं. सरांकडे यायचं नाव नाही. मंगलनं फोनवर माझ्याकडे रडून घेतलं, आणि मी संपतला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सर स्वतःच गेले गावाला. रविवार होता, मी बरोबर गेले. मला वाटलं, आता संपतची बिनपाण्यानं होणार. संपतनंही तीच तयारी ठेवली होती. मान खाली घालून म्हणाला, "सर, चुकलं. पन मला वाटलं, आमाला पव्हायला असंच शिकवलं. आबांनी उचललं अन् दिलं हिरीत ढकलून. सगळ्या गावात असंच शिकवत्यात."

"बरं," सर म्हणाले. "मग तुम्हाला पोहता येतं?"

मी त्याची मोठी बहीण. मला माहीत होतं. आबांनी ढकललं त्या दिवसानंतर संपत विहिरीच्या काठाला उभा राहिलेला नाही. स्वतःच्या मळ्यातली विहीर, पण मोटार बिघडली तर हा लांब बाभळीखाली उभा राहून दुसऱ्याला हातवारे करून सांगतो. गावात सगळ्यांना हे ठाऊक आहे आणि कुणी बोलत नाही.

"न्हाई येत," संपत म्हणाला. आणि मग, तो माझ्यासमोर कधी बोलला नव्हता ते बोलला. "मला आजून सपनात हीर दिसती, सर."

सरांनी ना उपदेश केला ना विजयी चेहरा. बाजल्यापाशी जमिनीवर बसले, आत वाकून प्राजूला म्हणाले, "प्राजक्ता, तुझ्या पप्पांना विहिरीची भीती वाटते. मला माहीत नव्हतं. तुला होतं?" मग बाजल्याखालून आवाज आला. "किती?"

संपत माझ्याकडे बघायला लागला, मी छताकडे. चाळिशी गाठलेला, गावात चार माणसांत बसणारा बाप्या. तो म्हणाला, "हंडा हाय बाय. पुरता भरल्याला."

प्राजू बाहेर आली. बापाकडे बघितलं नाही तिनं, ती कुणाकडेच सरळ बघत नाही. पण म्हणाली, "मग उचलू लागते." मंगल आत निघूनच गेली.

त्या दिवसापासून आमच्या मळ्यात दोन शाळा भरायला लागल्या. प्राजू ट्रॅक्टरच्या दिशेनं एक पायरी गेली की संपतनं विहिरीच्या दिशेनं एक पायरी जायचं. तो बाभळीपासून हलला की ती मागून कोरड्या आवाजात विचारणार, "किती?" आणि याला खरं सांगावं लागणार. "कळशी हाय." "थांबा. भांडं लहान होईपर्यंत हलायचं नाही." एकदा मी गेले तर संपत विहिरीच्या अलीकडे भर उन्हात घाम पुसत उभा आणि प्राजू आंब्याच्या सावलीत बसून त्याच्यावर नजर ठेवून. "आक्के," तो दात आवळून म्हणाला, "लई कडक मास्तर हाय ही. सरांपेक्षा बी." त्या हंगामात तिची शाळा पुन्हा बुडाली, पण नवे स्पीकर संपतनं स्वतःच्या हातानं काढून ठेवले आणि जुन्या स्पीकरचं बटण लेकीच्या ताब्यात दिलं.

मधेच नाताळात मिशीचं प्रकरण झालं. चर्चच्या नाटकात सरांना गब्रिएल देवदूताचं काम आलं, आणि तालमीला पाळकसाहेब म्हणाले, अमोलिक, देवदूताला मिशी शोभत नाही. सर उत्साहाच्या भरात मिशी उतरवून बसले. सोमवारी निळा शर्ट बरोबर, पण वर एकही मूल आत जायला तयार नाही. "हे सर नाहीत!" एकानं जिन्यात बसकण मारली, एक माझ्या काउंटरमागे येऊन लपला. सर कपाळावर हात मारून खाली आले. "वर्षानुवर्षं बदल सांगून करावा म्हणतो, आणि स्वतःच चुकलो." मग त्यांनी रोज सकाळी आपल्या ओठांचा फोटो काढून दाराला लावायला सुरुवात केली, खाली मथळा 'आजची मिशी'. सगळी मुलं रोज येऊन आधी मिशी तपासत. प्राजू त्या आठवड्यात आली, फोटोंची ओळ नीट पाहिली आणि म्हणाली, "वाटीभर आली." सर इतके हसले की वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

त्या शिमग्याला, हंगामाच्या अगदी शेवटी, प्राजू पहिल्यांदा रस्त्याच्या कडेला उभी राहिली. एका बाजूला सर, एका बाजूला संपत, तिघांचे हात कानांवर. ट्रॅक्टर आला, गाणं वाढत वाढत गेलं, समोर आलं, आणि मग कमी होत होत वळणाआड गेलं. तिघंही हात न काढता बराच वेळ तसेच. मग प्राजू म्हणाली, "थांबलं." त्या ट्रॅक्टरचा ड्रायव्हर पुढच्या धाब्यावर सांगत होता म्हणे, की रस्त्यात तीन माणसं कान धरून त्याची माफी मागत होती.

हायस्कूलनं संपतच्या विनवण्यांवरून एक वर्ष बघू म्हणून आठवीला घेतलं. खरी परीक्षा दिवाळीनंतर होती. हंगाम सुरू झाल्याच्या दिवशी दुकान उघडलं तसं माझं लक्ष फोनवर. सर दोनदा खाली येऊन गेले होते, एकदा पेन मागायला आणि एकदा ते परत द्यायला. फोन आला.

"आक्के, गेली पोरगी." संपतचा आवाज फुटत होता. "कानात कापूस, वर हेडफोन, त्याच्यावर हात. रस्त्यात ट्रॅक्टर आला, हुभी ऱ्हायली. मी लांबून बघत हुतो. जाऊ दिला अन् मंग गेली. मागं बी बघितलं न्हाई."

मी सरांना सांगितलं. "नोंद झाली," सर म्हणाले आणि फळीवरची एक बाटली उचलून तिच्यावरचं बारीक लिखाण वाचत बसले. ते जुलाबाचं औषध होतं आणि चष्मा त्यांच्या खिशात होता. मीही मुकाट्यानं काउंटर पुसत राहिले.

प्राजू पूर्ण बरी झाली वगैरे काही नाही, आणि सरांनी तसं कधी म्हटलंही नाही. अजून तिला आवाज दुखतो. अजून हंगामात तिच्या पिशवीत कापूस असतो. पण ती दहावी झाली, बारावी झाली, तिकडेच बीकॉमला आली. श्रीरामपूरला मात्र हंगामाच्या दिवसांत ती एकटी कधी आली नव्हती. संपतच्या मोटारसायकलवर, नाहीतर माझ्याबरोबर. एसटीत खिडक्या उघड्या, रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग, आणि बाजूला कोण बसेल याचा नेम नाही. ती पायरी तशीच राहिली होती. सरही म्हणत, राहू दे, तिला वाटेल तेव्हा.

आणि मग गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात सरांना बायपास सांगितली. पुण्याला न्यायचं होतं, ते मी आदल्या दिवशी फोनवर गावाला कळवलं होतं. जावई गाडी घेऊन आले. निघताना दुकानापाशी थांबले, कारण सरांना वरच्या खोलीला कुलूप आहे का ते स्वतः बघायचं होतं. बघता बघता गल्ली जमली. शेजारचा झेरॉक्सवाला, समोरचे टेलर, चर्चमधली माणसं. आणि प्रत्येक जण गाडीच्या खिडकीत वाकून तेच म्हणत होता. "काही होत नाही, सर. हल्ली बायपास म्हणजे काहीच नाही." सर मागच्या सीटवर बसले होते. त्यांनी सवयीनं हात वर केला, पण लोकांना वाटलं निरोप घेतायत. त्यांनीही हात हलवले. मीही हलवला.

एवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मला प्राजू दिसली. एकटी. दोन्ही हात कानांवर, कोपरं बाहेर काढून, गर्दीतून सरळ रेषेत चालत येत होती. मी संपत कुठे दिसतो का बघत राहिले. संपत नव्हताच. तो उसाच्या खेपेवर होता. ही एसटीनं आली होती, नेवाशाच्या रस्त्यानं, भर हंगामात. सरांनी तिला पाहिलं. तिच्यामागे कुणी नाही हेही पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिनं कानांवरचे हात काढले. नमस्कार नाही, कसे आहात नाही. खिडकीत वाकून तिनं विचारलं, "किती?"

सरांनी पुढे बसलेल्या रूथबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं हा प्रश्न त्यांनी सगळ्यांना विचारला होता, त्यांना कुणीच विचारला नव्हता.

"हंडा," ते म्हणाले.

"नोंद झाली," प्राजू म्हणाली. मग दुसऱ्या बाजूनं गेली, दार उघडलं आणि सरांच्या शेजारी बसली. "राहुरीपर्यंत उचलू लागते. तिथून एसटी आहे." कुणाची परवानगी मागितली नाही. जावईबापू गोंधळून मागे बघायला लागले, तर रूथबाई म्हणाल्या, "चला हो तुम्ही."

गाडी निघाली. गल्ली संपते तिथे मोठ्या रस्त्यावरून नेमका उसाचा ट्रॅक्टर चालला होता, दोन ट्रॉल्या, वर लाल झेंडा, आणि गाणं असं की माझ्या दुकानातल्या काचा थरथरल्या. त्याला ओलांडून जायला जागा नव्हती. गाडी त्याच्या मागे मागे, चालत्या माणसाच्या वेगानं जात राहिली. मी रस्त्यावर येऊन बघत उभी होते. मागच्या काचेतून शेजारी शेजारी दोन डोकी दिसत होती, एक काळं आणि एक पांढरं. दोघांनीही कान झाकले होते.